यादीतली नावं

नाशिक जिल्ह्यात सुडाचे खून बहुतेक कोयत्याने, कुऱ्हाडीने नाहीतर ट्रॅक्टरच्या टॉमीने होतात. भांडण बांधाचं असतं, विहिरीच्या पाळीचं असतं किंवा ग्रामपंचायतीतल्या पराभवाचं. बंदूक क्वचित निघते. पण टोळक्याने बंदुका घेऊन कुणाच्या दारात जाणं आणि त्या खटल्याचं अपील वर जाणं, यावरचा आपला कायदा झाशीच्या खेड्यात, सिंधूच्या काठावर, मद्रास इलाख्यातल्या तळ्याकाठी घडत गेला. निफाड-सिन्नरच्या बांधावर कोयता चालला तरी लागतो तोच. सेशन कोर्टात फौजदारी वकिली आणि मुंबईला अपिलं, यात माझा बराचसा जन्म गेला. त्यात जे समजलं ते आकडे घालून लिहितोय. पहिला मुद्दा सोडला तर क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. अपिलात घटना नसते, पेपर बुक असतं

शिक्षा झाली की घरची माणसं पहिलं वाक्य बोलतात, "साहेब, वरच्या कोर्टात खरं काय ते सांगू." वरच्या कोर्टात कुणी काही सांगत नाही. तिथे साक्षीदार येत नाहीत, आरोपीला उभं करत नाहीत, गावातला माणूस मागच्या बाकावर बसून आला तरी त्याला आपला खटला कधी पुकारला आणि कधी संपला ते कळत नाही. दोन न्यायमूर्तींसमोर एक जाड गठ्ठा असतो: फिर्याद, पंचनामे, साक्षी, शवविच्छेदनाचा अहवाल, आरोपीचा जबाब, निकाल. हाच त्यांचा गाव, हीच ती रात्र. नाशिकला सीबीएस बसस्थानकासमोरच्या कोर्टात उलटतपासणीत जो प्रश्न विचारायचा राहिला, तो पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नेता येत नाही.

म्हणून माझे सीनियर निकालाच्या आधी घटनास्थळाचा पंचनामा वाचायला लावत. विजेचा खांब कुठे, झाड कुठे, साक्षीदार म्हणतो तो ओटा तिथून किती फूट. रात्रीचा गोळीबार असेल तर त्या दिवशी गावात वीज होती का? भारनियमनाच्या वेळापत्रकाने आमच्या भागात जेवढे प्रत्यक्षदर्शी अडचणीत आणले, तेवढे कुठल्या नामांकित वकिलाने आणले नसतील.

साध्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला साठ दिवस, फाशी असेल तर तीस. फाशीला तर आरोपीने अपील केलं नाही तरी हायकोर्टाच्या मंजुरीशिवाय अंमल होत नाही. तुरुंगातून कैदी स्वतःही अपील पाठवू शकतो. नाशिकरोडच्या जेलमधून असे कागद जातात आणि त्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे गावात कुणाला माहीत नसतं. "जमीन विकायला काढलीय" म्हणत लोक येतात. आधी हे सांगावं, मग फीचं बोलावं.

२. फिर्यादीतली नावं आणि पुरवणी जबाबातली नावं वेगवेगळी मोजा

गोळ्या चालल्या रात्री नऊला. पोलीस ठाणं बारा किलोमीटरवर. फिर्याद नोंदली पहाटे तीनला. या सहा तासांत काय झालं? जखमीला दवाखान्यात नेलं असेल, गाडी मिळाली नसेल, माणसं हादरलेली असतील. उशीर म्हणजे खोटेपणा असं मी म्हणत नाही आणि कोर्टंही म्हणत नाहीत. पण त्या सहा तासांत भावकी जमते. कुणीतरी म्हणतं, "त्याचा थोरला पण होताच की." थोरला पुण्यात कंपनीत असतो. मग फिर्यादीत सात नावं असतात, दोन दिवसांनी पुरवणी जबाबात अकरा होतात.

वाढलेल्या चारांत एक म्हातारा हमखास असतो. त्याच्या हातात काही नसतं, तो फक्त "सोडू नका रे यांना" असं ओरडलेला असतो. चिथावणी देणारा हा म्हातारा घरचा कर्ता असतो, सातबारा त्याच्या नावावर असतो, आणि तो आत गेला की शेत पडीक पडतं. त्याला का गोवलं असावं, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही. एफआयआरची प्रत मॅजिस्ट्रेटकडे कधी पोहोचली, ही तारीख आणि वेळ मी नेहमी आधी बघतो. प्रत उशिरा गेली असेल तर यादी मधल्या वेळेत पुन्हा लिहिली गेली का, असं विचारायला जागा मिळते.

३. वैर दोन्ही बाजूंनी कापतं

सरकारी वकील म्हणतो, जुनं वैर होतं म्हणून मारलं. बचावाचा वकील म्हणतो, जुनं वैर होतं म्हणून गोवलं. दोघंही तोच जुना गुन्हा, तीच निवडणूक, तोच बांध दाखवतात. दोन्ही शक्यता एकाच खटल्यात खऱ्या असू शकतात, हे पचायला मला वेळ लागला. पाच खरे मारेकरी आणि दोन जोडलेले, असा हिशेब असतो.

नागपूरच्या हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेले न्यायमूर्ती विवियन बोस यांनी १९५३ मध्ये दलीप सिंग खटल्यात हे फार नेमकं मांडलं. मयताचा जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून दुसऱ्याला अडकवण्याची शक्यता सगळ्यांत कमी, तेव्हा नातेवाईक आहे एवढ्यावर साक्ष फेकू नका. मात्र भावना पेटलेल्या असतात तेव्हा गुन्हेगारासोबत एखाद्या निरपराधालाही ओढण्याकडे कल होतो, हेही विसरू नका. आजही हाच उतारा दोन्ही बाजूंचे वकील वाचून दाखवतात. पहिला अर्धा सरकार पक्ष, दुसरा अर्धा आम्ही.

हेतूवरून एक खटला मनातून जात नाही, जरी तिथे बंदूक नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातली चार माणसं जमावाने मारली. एका मारहाणीच्या गुन्ह्यात त्या घरातल्या बायकांनी साक्ष दिली होती, त्या गुन्ह्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हे घडलं. भंडाऱ्याच्या सेशन कोर्टाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी दिली. १४ जुलै २०१० रोजी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी काढून आठही जणांना पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठरवली, आणि हा प्रकार जातीच्या द्वेषातून नव्हे, सुडातून घडला असं म्हटलं. अॅट्रॉसिटीचं कलम तर खालच्या कोर्टातच टिकलं नव्हतं.

कायद्याच्या चौकटीत या निष्कर्षामागचा तर्क मला दिसतो. पटत मात्र नाही. दलित बाईने साक्ष दिली म्हणून गाव तिच्या घरावर चालून जातं, तेव्हा तो सूड जातीबाहेरचा कसा? सूड कुणावर आणि किती उघडपणे उगवता येतो, हे गावात जातच ठरवते. हेतू म्हणून एकदा 'सूड' लिहिलं की पुढच्या चौकशीचं दार लावून घेतल्यासारखं होतं. अपील वाचताना त्या शब्दाशी मी थांबतो तो यामुळे.

४. चार साक्षीदारांचा हिशेब

हा मुद्दा लांबणार आहे, कारण अशा अपिलांचा सगळा जीव यात आहे.

झाशी जिल्ह्यातलं बिलाटी खेत नावाचं गाव. दोन गट, जुनं वैर. २९ नोव्हेंबर १९६१ रोजी एक मोठा हत्यारबंद जमाव, त्यात बंदुका, विरोधी गटाच्या घरांवर चालून गेला. पाच जण मारले गेले. आरोपी चाळीसच्या आसपास. सेशन कोर्टाने दहा जणांना फाशी आणि बाकी दोषींना जन्मठेप दिली. अलाहाबाद हायकोर्टापुढे अपील गेलं तेव्हा पेच असा होता: गावातले साक्षीदार एका गटाचे, म्हणजे सगळेच हितसंबंधी. त्यांना नाकारावं तर पाच प्रेतांचा जाब कुणी द्यायचा? सगळं मानावं तर यादीतल्या प्रत्येकाला शिक्षा.

हायकोर्टाने एक चाळणी लावली. ज्या आरोपीविरुद्ध किमान चार साक्षीदार सुसंगत आणि विश्वासार्ह साक्ष देतात, त्याचाच दोष कायम, बाकीचे सुटले. सुप्रीम कोर्टात हा 'मसालती' खटला ४ मे १९६४ रोजी निकाली निघाला. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, आपल्या साताऱ्याचे. ही कसोटी काहीशी यांत्रिक आहे हे त्यांनी नाकारलं नाही, पण मोठा जमाव आणि मोठ्या संख्येचे साक्षीदार असतात तिथे ती अवाजवी म्हणता येणार नाही, असं ठरवलं. त्याच निकालाने दुसरंही सांगितलं: साक्षीदार एका गटाचा आहे एवढ्यावर त्याची साक्ष यंत्रासारखी फेकून द्यायची नाही. गटबाजीच्या गावात तटस्थ साक्षीदार शोधायला गेलात तर हाती कुणीच लागणार नाही.

तिसरी गोष्ट कलम १४९ ची, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम १९०. बेकायदा जमावाचा समान उद्देश होता आणि तुम्ही त्या जमावाचे घटक होतात, एवढं सिद्ध झालं तर तुमच्या हातून गोळी सुटली की नाही हे विचारलं जात नाही. नुसता बघ्या मात्र त्यात येत नाही. गोळीबाराचा आवाज ऐकून गल्लीत आलेला आणि गोळीबारासाठी गल्लीत आलेला, दोघं एकाच ठिकाणी उभे असतात.

'चार' हा आकडा कायदा नाही. पुढच्या निकालांत कुठे तीन, कुठे दोन साक्षीदार पुरेसे धरले गेले, आणि एकट्या निखळ साक्षीवरही शिक्षा होते. पण अपील हाती आलं की मी आजही एक तक्ता करतो. उभ्या ओळीत साक्षीदार, आडव्या ओळीत आरोपी, चौकटीत प्रत्येकाला कोणतं हत्यार दिलं ते. तक्ता भरला की दिसतं: मुख्य तिघांबद्दल सगळ्यांची साक्ष जुळते, नवव्या आरोपीच्या हातात एकाने काठी दिलीय, दुसऱ्याने कट्टा, तिसऱ्याला तो आठवतच नाही. एक शेतकरी मुलाचं पेपर बुक घेऊन आला होता. तक्त्यातल्या त्या रिकाम्या चौकटींवर बोट फिरवत तो म्हणाला, "वकीलसाहेब, मग हा इथं लिहिलाच कसा?" मी त्याला वरचा दुसरा मुद्दा समजावून सांगितला.

५. शेजारी उभा असणं आणि ठरवून आलेला असणं

जुन्या दंड संहितेतल्या समान इराद्याच्या कलम ३४ साठी सिंधू नदीवरचा एक खटला डोळ्यापुढे ठेवावा. १९४३ मध्ये काही माणसं नावेतून बोरू कापायला गेली. मालकी सांगणाऱ्यांशी वाद झाला, झटापटीत एकाला बांबूचा फटका बसला, त्याची आरोळी ऐकून दोघं बंदुका घेऊन धावत आले. एकाने एकाला ठार केलं आणि फरार झाला. दुसऱ्याने, महबूब शाहने, वेगळ्याच माणसावर गोळी झाडली, तो किरकोळ जखमी झाला. महबूब शाहला सेशनमध्ये फाशी, लाहोर हायकोर्टात फाशी कायम. १९४५ मध्ये तेव्हाचं सर्वांत वरचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने खुनाचा दोष उठवला: दोघांनी आधी संगनमत केल्याचा पुरावा नव्हता. १९५४ च्या अखेरीस विवियन बोस यांनी हैदराबाद राज्यातल्या पांडुरंग खटल्यात हाच धागा पुढे नेला. मनांचं आधी जुळणं हवं, ते क्षणापूर्वी जुळलेलं असलं तरी चालेल, पण हवं.

६. बंदूक खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलते

आमच्याकडचे गावठी कट्टे बहुतेक मध्य प्रदेशाच्या सीमेकडून येतात, उमर्टीचं नाव पोलिसांच्या कागदांत सारखं दिसतं. कट्ट्याच्या टाचणीचा ठसा पुंगळीच्या बुडावर उमटतो, त्यावरून जुळणी होते. अहवाल आला की सरकार पक्ष निर्धास्त होतो. मी तारखा बघतो. पुंगळी पहिल्या दिवशी सापडली, कट्टा आठवड्याने जप्त झाला, दोन्ही मधल्या काळात कुठे होती, सील कुणाचं होतं, आणि लॅबकडे एकाच पिशवीतून गेली का? कट्टा हाती आल्यावर पुंगळी तयार करायला एक फैर पुरते.

बारा बोअरचा छर्रा पसरतो, त्यामुळे एका बारात दोघं जखमी होऊ शकतात. जखमा मोजून बंदूकधारी मोजणारे साक्षीदार इथेच घसरतात. जखमेभोवती काजळी असेल तर गोळी जवळून. साक्षीदाराने अंतर शंभर फूट सांगितलं असेल तर त्याने घटना बघितलेली नाही, ऐकलेली आहे.

आरोपीने "काढून दिलेल्या" हत्याराबद्दल मद्रास इलाख्यातला पुलुकुरी कोट्टय्या खटला, प्रिव्ही कौन्सिल, डिसेंबर १९४६. तोही गटबाजीतला गावचा खूनच. भाला लपवलेली जागा दाखवली, एवढंच पुराव्यात येतं. "याच भाल्याने भोसकलं" हे वाक्य येत नाही. नाशिकच्या पंचनाम्यांत अजूनही ते दुसरं वाक्य ठळकपणे लिहिलेलं सापडतं.

७. शिक्षा जितकी मोठी, तितका कागद पुन्हा वाचा

हा आमच्याच जिल्ह्यातला खटला, सुडाचा नव्हे, दरोड्याचा. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेतल्या झोपडीत दरोडेखोरांनी पाच जणांना ठार मारलं. भयंकर गुन्हा होता, तपशील लिहीत नाही. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप. एप्रिल २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी. नंतर त्यांच्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे उघड झालं. फाशीच्या फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकाव्यात, असं सुप्रीम कोर्टानेच २०१४ मध्ये ठरवलं होतं; त्या वाटेने २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

कशावर? वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्यांच्यावर खटला झालाच नाही, त्यांचं पुढे काय झालं याचा समाधानकारक खुलासाही आला नाही. हा कागद खालपासून वरपर्यंत गठ्ठ्यात होता. सेशनने तो पाहिला, हायकोर्टाने पाहिला, सुप्रीम कोर्टानेही एकदा पाहिला होता. सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश झाला, तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तुरुंगात गेलेली वर्षं सोळाच्या घरात. आणि ज्यांनी ती पाच माणसं मारली, ते कोण, हे त्या घराला आजही कुणी सांगितलेलं नाही. सुटकेच्या बातम्यांत ही बाजू फार कमी आली.

८. अपीलच नसतं तेव्हा

नाशिकचा सगळ्यांत प्रसिद्ध सुडाचा गोळीबार विजयानंद थिएटरातला. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये इथल्या सेशन कोर्टाने काळ्या पाण्याची शिक्षा दिली. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी अपील फेटाळलं. त्याचा सूड म्हणून २१ डिसेंबरला, 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे थिएटरात सज्ज होते, त्यांनी गोळी झाडली नाही. १९०८ च्या कायद्याखाली तीन न्यायमूर्तींच्या खास पीठापुढे खटला चालला, ज्युरी नाही, निकालावर अपील नाही. १९ एप्रिल १९१० रोजी तिघांनाही ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. गोळीपासून दोरापर्यंत चार महिनेही लागले नाहीत.

कटात ते होते, त्यांनी ते लपवलंही नाही. आजच्या कलमांखालीही दोष सुटला असता असं मी म्हणत नाही. पण झाडणारा आणि सज्ज असलेला, यांच्या शिक्षेत फरक करायचा का, एवढा एक प्रश्न दुसऱ्या कोर्टापुढे उभा राहिला असता. आज नाशिकचा अगदी किरकोळ अपिलवालाही तो प्रश्न घेऊन मुंबईची गाडी पकडतो.

९. मयताच्या घरालाही वर जाता येतं

लोक समजतात अपील म्हणजे आरोपीचं. ३१ डिसेंबर २००९ पासून आरोपी सुटला, हलक्या कलमात बसवला गेला किंवा भरपाई कमी मिळाली तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. वारसही त्यात येतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. त्यासाठी आधी कोर्टाची वेगळी परवानगी काढावी लागते का, हा घोळ कर्नाटकातल्या मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये मिटला: लागत नाही. शिक्षा कमी झाली एवढीच तक्रार असेल तर मात्र सरकारनेच जायचं.

एक विधवा सूनबाई, दीर आणि सासरा, असे तिघं आले होते. नवऱ्याला मारणाऱ्यांतले चार सुटले होते. दीर बोलत होता, ती गप्प. मी तिच्याकडे बघून विचारलं, "ताई, त्या चारांना तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?" दिराने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तिने त्याला हाताने थांबवलं. "दोघांना पाहिलं. दोघांची नावं यांनी घातली." सासरा खाली बघायला लागला. अपील दोघांविरुद्धच केलं. दिराने माझ्या फीचा पहिला हप्ता देताना विचारलं, बाकीच्या दोघांचं काय? मी म्हटलं, वकीलपत्रावर सही ताईंची आहे.